‘रिग्रेशन’ म्हणजे नेमके कोणते? अर्थ ओळखण्याची आणि पुढे काय करायचे ते ठरवण्याची पद्धत

स्कॅनच्या अहवालात ‘गाठीचे रिग्रेशन दिसते’ असे वाक्य असेल, तर घरच्यांसाठी ती आनंदाची बातमी असते. बालविकासतज्ज्ञाने दोन वर्षांच्या मुलाच्या कागदावर हाच शब्द लिहिला, तर आईवडिलांनी वेळ न दवडता पुढच्या तपासण्या करून घ्यायच्या असतात. हिंजवडीतल्या एखाद्या कार्यालयात ‘कालच्या रिलीजमध्ये रिग्रेशन आहे’ असे कोणी म्हणाले, तर काल चालणारे काहीतरी आज बंद पडलेले असते. आणि कृषी विद्यापीठातला पदव्युत्तर विद्यार्थी ‘मी रिग्रेशन लावले’ असे सांगतो, तेव्हा बातमी चांगलीही नसते आणि वाईटही नसते. त्याने फक्त आकडेमोडीची एक पद्धत वापरलेली असते.

इतके वेगवेगळे अर्थ असूनही हा शब्द ऐकणारा माणूस बहुधा स्वतःच्या ओळखीचा अर्थ धरून पुढे जातो आणि तिथेच गोंधळ होतो. तो टाळण्यासाठी शब्द समोर आला की तीन प्रश्न विचारावेत. मागे गेलेली गोष्ट कोणती? ती कोणत्या स्थितीतून कोणत्या स्थितीत गेली? आणि ती पूर्वीची स्थिती हवीशी आहे की नकोशी? लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ मागे पाऊल टाकणे असा असल्यामुळे बहुतेक क्षेत्रांत या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळतात. मागे गेलेली गोष्ट काही केल्या सापडत नसेल, तर अर्थ जवळजवळ नक्कीच सांख्यिकीतला आहे असे समजावे. तिथे हा शब्द का आला हे पुढे सविस्तर पाहू, कारण खरी अडचण त्याच अर्थाची आहे.

वैद्यकीय कागदावर हा शब्द असेल तर

कर्करोगाच्या अहवालात मागे जाणारी गोष्ट म्हणजे गाठ. ती लहान झाली, म्हणजे तिचे रिग्रेशन झाले. मात्र किती लहान झाली हे विचारल्याशिवाय या शब्दाला फारसे मोल नसते. घन गाठींच्या बाबतीत जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘रेसिस्ट’ या मोजणीच्या नियमांनुसार, निवडलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज उपचारांपूर्वीच्या तुलनेत किमान ३० टक्क्यांनी घटली, तरच उपचारांना अंशतः प्रतिसाद मिळाला असे धरतात. म्हणून अहवाल हाती आला की दोन्ही तारखांची मापे शेजारी शेजारी लिहून घ्यावीत आणि डॉक्टरांना ही घट कोणत्या वर्गात बसते ते विचारावे. गाठीचे रिग्रेशन आणि रोगाचे रिमिशन यांतही फरक आहे: पहिले एका गाठीबद्दल बोलते, तर दुसरे संपूर्ण शरीरातील रोगाच्या खुणांबद्दल. उपचारांशिवाय गाठ विरल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत आणि अगदी तान्ह्या बाळांमधील न्यूरोब्लास्टोमाच्या, म्हणजे चेतापेशींपासून होणाऱ्या कर्करोगाच्या, काही प्रकारांत तर डॉक्टर केवळ देखरेख ठेवून वाट पाहतात. पण मोठ्यांच्या कर्करोगांत असे फार विरळा घडते, आणि त्याच्या भरवशावर चालू उपचार थांबवणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही.

मुलांच्या बाबतीत मागे जाणारी गोष्ट म्हणजे शिकलेले कौशल्य. इथे दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरला जातो. धाकटे भावंड घरी आल्यावर चार वर्षांच्या मुलीने पुन्हा अंथरूण ओले करणे, बोबडे बोलणे, भरवून घेण्याचा हट्ट धरणे, हे एक. ताणाखाली सापडलेले मन सुरक्षित वाटणाऱ्या जुन्या वागण्याकडे वळते, हा विचार सिग्मंड फ्रॉइड यांनी मांडला आणि अ‍ॅना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये मनाच्या बचावात्मक युक्त्यांमध्ये त्याचा समावेश केला. असे वागणे बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. मुलाला रागावू नये, लाजवू नये, थोडा अधिक वेळ द्यावा. दुसरी गोष्ट गंभीर आहे. साधारण दीड ते दोन वर्षांच्या आसपास मूल आधी येत असलेले शब्द बोलेनासे होते, हाक मारल्यावर पाहीनासे होते, टाटा करणे किंवा बोट दाखवणे विसरते. स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या काही मुलांमध्ये असे होते आणि इतरही काही आजारांत होते. इथे ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे घरातल्या वडीलधाऱ्यांचे सांगणे लागू पडत नाही, कारण प्रश्न उशिरा बोलण्याचा नसून आलेले बोलणे जाण्याचा आहे. मोबाइलमध्ये आधीच्या महिन्यांचे व्हिडिओ असतील तर ते तारखेनुसार काढून ठेवावेत. मूल तेव्हा काय करत होते हे बालरोगतज्ज्ञांना त्यातून फार स्पष्टपणे कळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत, म्हणजे डीईआयसीमध्ये, अशा मुलांची तपासणी विनामूल्य होते.

संमोहनाखाली पूर्वजन्मात नेण्याच्या दाव्यासाठीही ‘रिग्रेशन’ हाच शब्द जाहिरातींत वापरतात. संमोहित अवस्थेत सुचवलेल्या गोष्टी खऱ्या आठवणींसारख्या वाटू लागतात, हे मानसशास्त्रात नीट तपासले गेले आहे. म्हणून नैराश्य किंवा भीतीच्या विकारासाठी मदत हवी असेल तर पात्रताधारक मानसोपचारतज्ज्ञांकडेच जावे.

समुद्र, चंद्र आणि संगणक

भूशास्त्रात मागे जातो तो समुद्र. किनारा समुद्राच्या दिशेने सरकला की त्याला रिग्रेशन म्हणतात. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईसमोरच्या उथळ समुद्रतळाचा मोठा भाग तेव्हा कोरडी जमीन होता. खडकांच्या उभ्या छेदात हे ओळखायचे असेल तर खालून वर वाचत जावे: खाली खोल पाण्यातली बारीक चिकणमाती आणि वर किनाऱ्याजवळची वाळू असा क्रम दिसला, तर किनारा त्या जागी पुढे सरकत आला होता. मात्र एवढ्यावरून समुद्राची पातळी घटली असा निष्कर्ष काढू नये, कारण नदीने भरपूर गाळ आणून टाकला तर पातळी तशीच असतानाही किनारा पुढे सरकतो.

खगोलशास्त्रात चंद्रकक्षेचे पातबिंदू, म्हणजे ती कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदते ते दोन बिंदू, मागे सरकतात आणि १८.६ वर्षांत त्यांची एक फेरी पूर्ण होते. पंचांग पाहणाऱ्यांना हे वेगळ्या नावाने माहीत असते: हेच राहू-केतू, जे नेहमी उलटे चालतात आणि एका राशीत सुमारे दीड वर्ष असतात.

सॉफ्टवेअरमध्ये अर्थ नेमका आहे. जी सोय आधी नीट चालत होती ती नव्या बदलामुळे बिघडली, तरच ते रिग्रेशन. जी सोय कधीच नीट चालली नव्हती तिच्यातला दोष हा साधा बग. हा फरक शब्दच्छल नाही, कारण शोधण्याची पद्धत त्यावर ठरते. रिग्रेशन असेल तर चालणारी एक जुनी आवृत्ती हाताशी असते, आणि ‘तेव्हा चालत होते’ व ‘आता चालत नाही’ या दोन टोकांच्या मधोमध जाऊन तपासता येते. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनातील ‘बायसेक्ट’ ही आज्ञा हेच करते. दोन टोकांमध्ये १,०२४ बदल असले तरी प्रत्येक पायरीला निम्मे बदल बाद होत असल्यामुळे दहा पायऱ्यांत दोषी बदल सापडतो. त्यासाठी दोष हमखास दाखवणारी एक छोटी चाचणी आधी लिहावी, तिने जुन्या आवृत्तीवर ‘पास’ आणि नव्या आवृत्तीवर ‘फेल’ असे उत्तर दिल्याची खात्री करावी आणि मगच शोध सुरू करावा. दोष दुरुस्त झाल्यावर ती चाचणी काढून न टाकता कायमच्या चाचणीसंचात ठेवावी. प्रत्येक रिलीजपूर्वी हा संच चालवणे म्हणजेच रिग्रेशन टेस्टिंग. तक्रार नोंदवणाऱ्या साध्या वापरकर्त्यानेही ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढेच न लिहिता ‘अमुक आवृत्तीपर्यंत मराठी टंकलेखन चालत होते, अपडेट केल्यापासून जोडाक्षरे तुटतात’ असे लिहिले, तर दुरुस्त करणाऱ्याचे अर्धे काम तिथेच होते.

सांख्यिकीत मागे काय जाते?

या शब्दाचा सांख्यिकीतला जन्म समजला की बाकीचे सोपे होते. इंग्लंडमधील संशोधक फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७५ मध्ये स्वीट पी या फुलझाडाच्या बियांचे सात आकारांचे गट करून त्या मित्रांकडे पेरायला दिल्या. मोठ्या बियांच्या झाडांना आलेल्या बिया सरासरीपेक्षा मोठ्या होत्या, पण मूळ बियांइतक्या मोठ्या नव्हत्या. लहान बियांच्या बाबतीत हेच उलट दिशेने घडले होते. पुढे १८८६ मध्ये त्यांनी २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ मुलामुलींच्या उंचीवर निबंध प्रसिद्ध केला. स्त्रियांची उंची १.०८ ने गुणून ती पुरुषांच्या उंचीशी तुलनायोग्य केली, आईवडिलांची मिळून सरासरी काढली, आणि मग दिसले की आईवडील सरासरीपेक्षा ३ इंच उंच असतील तर मुले सरासरीपेक्षा साधारण २ इंच उंच भरतात. या मागे येण्याला त्यांनी रिग्रेशन म्हटले.

आता गंमत अशी की, हे मोजण्यासाठी गॉल्टन यांनी बिंदूंच्या गर्दीतून जी रेषा काढली, तिलाच पुढे ‘रिग्रेशनची रेषा’ हे नाव पडले, आणि हळूहळू कोणत्याही दोन राशींमधला संबंध समीकरणात बसवण्याच्या साऱ्या पद्धतीलाच रिग्रेशन म्हणू लागले. ती रेषा बसवण्याची किमान वर्गांची रीत, म्हणजे बिंदूंच्या रेषेपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवण्याची रीत, खरे तर बरीच जुनी होती. लजांद्र आणि गाउस या गणितज्ञांनी ती अनुक्रमे १८०५ आणि १८०९ मध्ये ग्रहगोलांच्या कक्षांसाठी प्रसिद्ध केली होती, आणि तिथे मागे जाण्याचा काही संबंध नव्हता. म्हणून सांख्यिकीत एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत: संबंध मोजण्याची पद्धत, आणि सरासरीकडे ओढले जाण्याची घटना. ‘रिग्रेशन लावले’, ‘रिग्रेशन चालवले’, ‘लिनिअर’, ‘लॉजिस्टिक’ असे शब्द आजूबाजूला असतील तर अर्थ पद्धतीचा. ‘सरासरीकडे’ किंवा ‘टू द मीन’ असेल तर घटनेचा.

पद्धतीचा अर्थ असेल तेव्हा समीकरण कसे वाचावे? समजा ज्वारीच्या प्रयोगातून असे समीकरण आले की हेक्टरी नत्राच्या प्रत्येक किलोमागे उत्पादन सरासरी १२ किलोने वाढते. आधी एकके पाहावीत: किलोमागे किलो, हेक्टरी. मग प्रयोगात नत्र किती ते किती किलो दिले होते ते पाहावे. ० ते ८० किलोंवरून काढलेली रेषा १५० किलोंसाठी वापरू नये, कारण पीक त्या सरळ रेषेत वागेल याचा कसलाही पुरावा त्या प्रयोगात नसतो. नंतर आकड्यासोबतची अनिश्चितता पाहावी. आणि नत्राचे प्रमाण चिठ्ठ्या टाकून ठरवले होते की शेतकऱ्यांनी आपापल्या मनाने ठरवले होते, हे आवर्जून विचारावे; दुसऱ्या प्रकारात जास्त खत देणाऱ्यांकडेच पाणीही जास्त असू शकते, आणि मग १२ किलोंचे श्रेय कोणाचे हे समीकरण सांगू शकत नाही. या सगळ्याआधी बिंदूंचा आलेख डोळ्यांनी पाहावा. सांख्यिकीतज्ज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्स्कोम यांनी १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच तयार करून दाखवले: चारही संचांची रेषा जवळजवळ एकच, पण आलेख काढला की एकात वक्र, एकात एकच भरकटलेला बिंदू, अशी चार वेगळी चित्रे दिसतात.

या पद्धतीशी आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याचा संबंध आला आहे, तो पावसाच्या अंदाजातून. १९०४ मध्ये भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी १९०९ मध्ये हिमालयातील बर्फ, मॉरिशस व दक्षिण अमेरिकेतील हवेचा दाब आणि झांझिबारचा पाऊस यांवरून मोसमी पावसाचे रिग्रेशन समीकरण मांडले. १९८८ पासून वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १६ घटकांचे प्रारूप (मॉडेल) वापरात आले. गोवारीकरांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाले ते बरेचसे त्यामुळेच. चौदा वर्षे त्यावर अंदाज दिले गेले. मग २००२ साल आले, अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता आणि देशात प्रत्यक्षात सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस झाला. तपासणीत दिसले की १६ पैकी अनेक घटकांचा पावसाशी असलेला जुना संबंध क्षीण झाला होता, आणि २००३ मध्ये ८ व १० घटकांची नवी प्रारूपे आणली गेली. माझ्या मते यात त्या शास्त्रज्ञांच्या कामाला कमीपणा आणणारे काही नाही. प्रारूप जुन्या वर्षांवर बसवलेले असते आणि निसर्गाने जुनी नाती पाळण्याचे वचन दिलेले नसते, म्हणून कोणतेही रिग्रेशन समीकरण वापरताना ते शेवटचे कधी तपासले गेले हे विचारणे वापरणाऱ्याचे काम आहे.

सरासरीकडे ओढ: ती कशी मोजावी आणि तिच्यापासून कसे सावध राहावे

सर्वांत जास्त फसवणूक या अर्थाकडे दुर्लक्ष केल्याने होते, म्हणून इथे थोडे थांबू या.

कोणत्याही मोजणीत टिकाऊ भाग असतो आणि योगायोगाचा भाग असतो. ज्यांना आपण ‘सर्वांत वरचे’ म्हणून निवडतो, त्यांच्यात योगायोगही त्यांच्या बाजूने असलेले जास्त असतात. पुढच्या मोजणीत टिकाऊ भाग राहतो, योगायोग राहत नाही, आणि आकडा सरासरीकडे येतो. यामागे कोणतीही शक्ती नाही आणि काळाची दिशाही नाही. गॉल्टन यांच्याच आकड्यांत उलटा प्रवास केला, म्हणजे उंच मुले निवडून त्यांच्या आईवडिलांची सरासरी उंची पाहिली, तर ती एक तृतीयांशच वर असते. आईवडील मुलांच्या आधी जन्मलेले असूनही ‘मागे’ आलेले दिसतात.

ही ओढ किती असेल याचा हिशेब करता येतो. सरासरीपासूनचे अंतर घ्यावे आणि दोन मोजण्यांमधल्या सहसंबंधाने गुणावे; सहसंबंध म्हणजे दोन मोजण्या एकमेकींशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, पूर्ण जुळल्या तर १ आणि मुळीच नाही तर ०. समजा वर्गाची सरासरी दोन्ही चाचण्यांत ५० आहे, गुणांचा विस्तारही सारखाच आहे आणि दोन चाचण्यांमधला सहसंबंध ०.६ आहे. पहिल्या चाचणीत ८० गुण मिळवणाऱ्यांचे अंतर ३०, त्याला ०.६ ने गुणले की १८. म्हणून दुसऱ्या चाचणीत त्यांची सरासरी ६८ अपेक्षित आहे. २० गुण मिळवणाऱ्यांची ३२. शिक्षकांनी काहीही केले नाही तरी हुशार मुले ‘घसरलेली’ आणि कच्ची मुले ‘सुधारलेली’ दिसतील. मग पहिल्यांचे कौतुक केले आणि दुसऱ्यांना रागावले असेल, तर कौतुकाने मुले बिघडतात आणि रागावल्याने सुधारतात, असा सर्वस्वी चुकीचा धडा शिक्षक मनापासून शिकतील. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना इस्रायली हवाई दलातील प्रशिक्षकांकडून नेमका हाच दावा ऐकायला मिळाला होता, आणि मुलांच्या दृष्टीने हा धडा फार क्लेशकारक आहे.

रक्तदाबाच्या शिबिरात हेच घडते. त्या दिवशी १४० च्या वर भरलेल्यांना निवडून एखादा काढा दिला आणि महिन्याने पुन्हा मोजले, तर पाणी दिले असते तरी त्यांची सरासरी थोडी खाली आली असती. म्हणूनच डॉक्टर सहसा एका मोजणीवर निदान न करता वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजतात. शेतात सर्वांत टपोरी कणसे निवडून त्यांचे बी धरले, तर पुढची कणसे सरासरीपेक्षा चांगली येतात पण निवडलेल्यांइतकी नाही. त्यात बियाण्याची फसवणूक नसते, त्या कणसांच्या वाट्याला आलेली ओल आणि मोकळी जागा बियांतून उतरत नाही एवढेच.

उपाय एकच आहे आणि तो सोपा आहे: टोकाचे आकडे पाहून निवड केली असेल तर तशाच निवडलेल्या, पण उपाय न केलेल्या दुसऱ्या गटाशी तुलना करावी. रस्त्यांवरील अपघातप्रवण ठिकाणांचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात किंवा १० मृत्यू झाले, तर तो ब्लॅक स्पॉट धरला जातो. ही निवडच मुळात वाईट वर्षे पाहून झालेली असल्यामुळे तिथे एकही फलक न लावता पुढच्या वर्षांत अपघात काही प्रमाणात कमी दिसण्याची शक्यता असते. तेव्हा गावाजवळच्या वळणावर दुरुस्तीनंतर अपघात निम्मे झाले असे सांगितले गेले, तर तीन गोष्टी मागाव्यात: ज्या तीन वर्षांवरून ठिकाण निवडले त्यांच्याही आधीच्या वर्षांचे आकडे, तशाच वाहतुकीच्या पण दुरुस्ती न झालेल्या वळणांचे आकडे, आणि दुरुस्तीनंतरच्या किमान तितक्याच वर्षांचे आकडे. रस्तासुरक्षेचे अभ्यासक एझ्रा हाउअर यांनी रुळवलेल्या पद्धतीत त्या ठिकाणाचा स्वतःचा आकडा आणि तशा रस्त्यांचा सर्वसाधारण आकडा यांची भारित सरासरी काढतात, दुरुस्ती न करता किती अपघात अपेक्षित होते ते त्यावरून ठरवतात, आणि प्रत्यक्ष आकडा त्याच्या खाली जितका भरेल तितकीच घट दुरुस्तीच्या खात्यावर मांडतात.